कार्ड मजबूत, कार्डधारक मात्र उघड्यावर

खिशात प्लॅस्टिकचे एक छोटे कार्ड असले की रोख पैशाची चिंता नाही, हा विश्वास शहरी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडून आता दोन दशके उलटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील क्रेडिट कार्डांच्या संख्येने दहा कोटींचा टप्पा ओलांडला. या कार्डांवरून होणाऱ्या मासिक खर्चाने एक लाख कोटी रुपयांची मजल त्याआधीच मारली होती. किराणा, विजेचे बिल, विमानाचे तिकीट, मुलांचे शुल्क आणि रुग्णालयाची अनामत रक्कम अशा साऱ्याच व्यवहारांत कार्डाने हात घातला. त्याबरोबर या पैशावर डोळा ठेवणाऱ्यांचा धंदाही फोफावला.

या धंद्याचे मोजमाप करू पाहणारी सरकारी आकडेवारी मात्र दोन परस्परविरोधी चित्रे उभी करते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२४-२५ च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी कार्ड आणि इंटरनेट या सदरात बँकांनी १३ हजार ५१६ फसवणुकींची नोंद केली आणि त्यांत ५२० कोटी रुपये अडकले. आदल्या वर्षी हेच आकडे २९ हजार ८२ प्रकरणे आणि १ हजार ४५७ कोटी रुपये असे होते. म्हणजे कागदावर तरी गुन्हे निम्म्याहून खाली आले. याउलट केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये ७ हजार ४६५ कोटी, तर २०२४ मध्ये तब्बल २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले. एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ झाली.

हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत, हे उघड आहे. रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात एक लाख रुपये आणि त्यावरील प्रकरणेच येतात, ती बँकांनी कळवलेली असतात आणि एका विशिष्ट सदरात बसवलेली असतात. गृह मंत्रालयाचा आकडा नागरिकांच्या तक्रारींवर उभा आहे आणि त्यात बनावट गुंतवणुकीपासून ‘डिजिटल अटके’पर्यंत सगळे प्रकार येतात. तरीही या दोहोंमधली दरी बोलकी आहे. बँकेची तिजोरी आणि तिने दिलेले कार्ड पूर्वीपेक्षा मजबूत झाले. चोराने म्हणून आपला मोर्चा कार्डाकडून कार्डधारकाकडे वळवला. पैसे गेल्यावर ते कोणाचे गेले, बँकेचे की ग्राहकाचे, हा प्रश्न त्यामुळेच आता अधिक तीव्र झाला आहे.

पट्टीपासून चिपपर्यंत

कार्डाच्या पाठीवर असणारी काळी चुंबकीय पट्टी हे या व्यवस्थेचे मूळ दुखणे होते. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि अन्य तपशील या पट्टीवर जसेच्या तसे कोरलेले असतात. ते वाचण्यासाठी लागणारे यंत्र खिशात मावेल एवढे असू शकते. उपाहारगृहात बिलासोबत कार्ड आत गेले, पेट्रोल पंपावर ते क्षणभर नजरेआड झाले किंवा एटीएमच्या खोबणीवर कोणी बनावट वाचक यंत्र बसवले, की पट्टीची नक्कल तयार. एटीएममध्ये कळफलकाच्या वर छोटा कॅमेरा लपवला की पिनही हाती लागे. या प्रकाराला ‘स्किमिंग’ म्हणतात. शहरांतील पोलिसांकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या कार्ड फसवणुकीच्या तक्रारींत याचा मोठा वाटा होता.

यावर दोन बाजूंनी उपाय झाले. दुकानातील व्यवहारांसाठी पट्टीच्या जागी चिप आली. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवी सांकेतिक खूण तयार करते. त्यामुळे एका व्यवहाराची माहिती चोरली तरी ती दुसऱ्या वेळी निरुपयोगी ठरते. डेबिट कार्डाने दुकानात पैसे देताना पिन टाकण्याची सक्ती डिसेंबर २०१३ पासून झाली आणि केवळ पट्टी असलेली जुनी कार्डे बदलून देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली गेली.

दुसरा उपाय ऑनलाइन खरेदीसाठी होता. कार्डावर छापलेले सर्व तपशील ज्याच्याकडे आहेत तो कार्डाचा मालकच असेल, असे मानणे धोक्याचे होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये परिपत्रक काढले आणि १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहारांसाठी कार्डावर न दिसणाऱ्या अशा आणखी एका पुराव्याची अट घातली. सुरुवातीला हा पुरावा म्हणजे ग्राहकाने ठरवलेला सांकेतिक शब्द होता, पुढे मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक, म्हणजेच ओटीपी, सर्रास वापरात आला. अनेक पाश्चात्त्य देशांत आजही कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होऊ शकते. त्या तुलनेत भारतीय नियम कडक आहेत.

भांडारावरचे दरोडे

एकेका कार्डाची नक्कल करण्यापेक्षा लाखो कार्डांची माहिती जिथे साठवलेली असते त्या जागीच हात मारावा, हे चोरांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. महाराष्ट्राला, विशेषतः पुण्याला, याचा अनुभव फार लवकर आला. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील सिटी बँकेच्या चार ग्राहकांकडून गोड बोलून पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील बनावट खात्यांत वळवल्याचे उघडकीस आले. संगणकप्रणाली कोणी फोडली नव्हती. विश्वासाने बोलणाऱ्या ग्राहकाचा फक्त गैरफायदा घेतला गेला होता. आज घरोघरी येणाऱ्या फसव्या फोनचे बीज त्या प्रकरणात दिसते.

डिसेंबर २०१२ आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आखातातील दोन बँकांच्या प्रीपेड कार्डांची खर्चमर्यादा संगणकातूनच काढून टाकण्यात आली आणि अनेक देशांतील एटीएममधून काही तासांत सुमारे साडेचार कोटी डॉलर उपसण्यात आले. या कार्डांचे काम पाहणाऱ्या कंपन्यांपैकी एक भारतातील होती. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील विविध बँकांच्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे समोर आले. एटीएमची सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरली होती. एकट्या भारतीय स्टेट बँकेने त्या वेळी सुमारे सहा लाख कार्डे बंद करून बदलून दिली.

या मालिकेतील सर्वात धाडसी दरोडा पडला तो पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर. ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या शेजारी चोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली. खात्यात पैसे आहेत का, पिन बरोबर आहे का, हे प्रश्न बँकेपर्यंत पोहोचण्याआधीच ही बनावट यंत्रणा प्रत्येक मागणीला होकार देत गेली. नक्कल केलेली कार्डे घेऊन २८ देशांतील एटीएमसमोर माणसे उभी होती. सुमारे बारा हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये परदेशांत निघाले. देशांतर्गत सुमारे २ हजार ८०० व्यवहारांतून आणखी अडीच कोटी गेले आणि त्यांतील काही पैसे कोल्हापुरातील एटीएममधून काढले गेले. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरबँक संदेश यंत्रणेचा गैरवापर करून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला पाठवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख रुपयांची होती. या खटल्यात पुण्यातील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवले. ते मुख्यतः पैसे काढण्याच्या साखळीतील होते.

हे दरोडे डेबिट वा प्रीपेड कार्डांचे असले तरी क्रेडिट कार्डांची माहितीही अशाच यंत्रणांमधून वाहते. त्यामुळे ऑनलाइन दुकाने, खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या कंपन्या आणि तिकिटांची संकेतस्थळे यांच्याकडे साठणारी कार्डांची माहिती ही रिझर्व्ह बँकेची पुढची चिंता होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा खरा क्रमांक साठवण्यास मनाई झाली. त्याऐवजी प्रत्येक दुकानदारासाठी वेगळे असे पर्यायी चिन्ह, म्हणजेच ‘टोकन’, दिले जाते. असे चिन्ह दुसऱ्या दुकानात चालत नाही. एखाद्या कंपनीचे भांडार फुटले तरी चोराच्या हाती खऱ्या कार्डाचा क्रमांक लागू नये, हा त्यामागचा हेतू आहे. ग्राहकांना सुरुवातीला हा बदल त्रासाचा वाटला असला तरी गेल्या काही वर्षांतील सर्वात उपयुक्त सुधारणांपैकी ही एक मानावी लागेल.

ढाल ओटीपीची, हात ग्राहकाचा

चिप, पिन, ओटीपी आणि टोकन अशा चार भिंती उभ्या राहिल्यावर चोरासाठी एकच दार उरले. ते दार ग्राहकाने स्वतः आतून उघडायचे होते. आजची बहुतेक कार्ड फसवणूक याच एका तत्त्वावर चालते.

फोन करणारा बँकेचा अधिकारी असल्याचे सांगतो. त्याला ग्राहकाचे नाव, बँक आणि बहुधा कार्डाचे शेवटचे चार आकडेही ठाऊक असतात. ही माहिती कर्जाच्या अर्जांपासून मॉलमधील सोडतीच्या चिठ्ठ्यांपर्यंत कोठूनही गळालेली असू शकते. पण ती ऐकून ग्राहकाची खात्री पटते. मग आमिष किंवा भीती यांपैकी एक अस्त्र बाहेर येते. साठलेले रिवॉर्ड पॉइंट आजच संपणार आहेत, कार्डाची मर्यादा वाढवून मिळणार आहे, वार्षिक शुल्क माफ होणार आहे, असे सांगितले जाते. किंवा केवायसी अपूर्ण असल्याने कार्ड आज रात्री बंद पडेल, कोणीतरी तुमच्या कार्डावर मोठी खरेदी करत आहे आणि ती रोखण्यासाठी आलेला आकडा लगेच सांगा, असा धाक घातला जातो. शेवटचा प्रकार विशेष लबाडीचा आहे. कारण त्यात चोरी थांबवण्याच्या नावाखाली चोरीलाच संमती घेतली जाते.

ओटीपी कोणालाही सांगू नये, हे आता शाळकरी मुलालाही पाठ आहे. म्हणून चोरांनी तो न विचारता मिळवण्याच्या वाटा शोधल्या. ग्राहकाच्या मोबाइलचा पडदा दुरून पाहू देणारी ॲप उतरवून घ्यायला लावण्याचा प्रकार इतका वाढला, की रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना त्याबाबत सावध केले. अलीकडे व्हॉट्सॲपवरून वाहतूक दंडाची पावती, लग्नाची पत्रिका किंवा बँकेचे नवे ॲप अशा नावाने ‘एपीके’ फाइल पाठवली जाते. ती उघडून परवानग्या दिल्या की मोबाइलवर येणारे एसएमएस परस्पर चोराकडे जाऊ लागतात. अशा वेळी ग्राहकाने कोणालाही काही सांगितलेले नसते आणि तरीही ओटीपी चोराकडे पोहोचतो.

तिसरी वाट सिमकार्डाची आहे. बनावट कागदपत्रे देऊन ग्राहकाच्या क्रमांकाचे नवे सिम घेतले जाते. ग्राहकाच्या हातातील फोन अचानक मुका होतो. नेटवर्कचा बिघाड असेल असे समजून तो वाट पाहत बसतो. तेवढ्या वेळात सारे संदेश दुसऱ्या फोनवर पोहोचतात. याला आळा घालण्यासाठी सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावरील एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये दिला. सिम बदलल्यावर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही, असा नियम ‘ट्राय’ने १ जुलै २०२४ पासून लागू केला.

या फसव्यांची मोडस ऑपरेंडी जनतेला समजावी म्हणून रिझर्व्ह बँकेने पुस्तिका काढल्या. तिच्या मुंबईतील लोकपाल कार्यालयाने तर ‘राजू आणि चाळीस चोर’ या अर्थाच्या शीर्षकाची सचित्र पुस्तिका काढून फसवणुकीचे चाळीस प्रकार गोष्टीरूपात सांगितले. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरण्याचा आणि बँकांच्या संकेतस्थळांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा स्वतंत्र शेवट देण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. खरा फोन आणि खोटा फोन यांत ग्राहकाला फरक करता यावा, हा त्यामागील विचार स्तुत्य आहे. पण ही खूण किती ग्राहकांपर्यंत पोहोचली, हा प्रश्न उरतोच.

परदेशी व्यवहारांची फट

ओटीपीची ढाल देशाच्या सीमेपर्यंतच पोहोचते, हे अनेक कार्डधारकांच्या गावीही नसते. परदेशातील संकेतस्थळावर त्याच कार्डाने खरेदी करताना अनेकदा ओटीपी मागितलाच जात नाही. कारण तेथील दुकानदारावर भारतीय नियम चालत नाही. परिणामी देशात अभेद्य वाटणारे कार्ड परदेशी संकेतस्थळावर क्रमांक, मुदत आणि तीन आकडे एवढ्यावर वापरले जाऊ शकते. मध्यरात्री डॉलरमध्ये झालेल्या खरेदीचा संदेश सकाळी पाहून हबकणारे ग्राहक याच फटीचे बळी असतात.

या फटीतून शिरण्यासाठी कार्ड चोरण्याचीही नेहमीच गरज नसते. कार्ड क्रमांकाचे पहिले सहा ते आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार दर्शवतात. शेवटचा आकडा ठरावीक सूत्राने निघतो. उरलेल्या आकड्यांच्या शक्यता संगणकाच्या मदतीने तपासून पाहता येतात. जुळलेले कार्ड चालते का, हे पाहण्यासाठी आधी अगदी किरकोळ रकमेचा व्यवहार केला जातो. अनोळखी नावाचा दहा-वीस रुपयांचा खर्च म्हणूनच दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. मोठ्या घावापूर्वीची ती चाचपणी असू शकते.

ही फट बुजवण्याचे साधन ग्राहकाच्या हाती २०२० मध्ये आले. रिझर्व्ह बँकेच्या त्या वर्षीच्या जानेवारीतील परिपत्रकानुसार नवे कार्ड केवळ देशातील एटीएम आणि दुकानांपुरतेच सुरू ठेवून द्यायचे असते. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे आणि हवे तेव्हा बंद करायचे असतात. प्रत्येक प्रकारासाठी खर्चमर्यादाही ठरवता येते. वास्तवात बहुतेक जण एकदा परदेशप्रवासासाठी किंवा एखाद्या सेवेचे सदस्यत्व घेण्यासाठी ही कळ चालू करतात आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहते. स्पर्शविरहित व्यवहारांत पाच हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही, ही मर्यादा जानेवारी २०२१ पासून दोन हजारांवरून वाढवण्यात आली. हरवलेले कार्ड बंद करण्यात दिरंगाई झाली तर तिचाही फटका बसू शकतो.

परदेशी ऑनलाइन व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने उशिरा का होईना पाऊल उचलले. सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत परदेशी दुकानदाराने दुसऱ्या पुराव्याची विचारणा केल्यास तो तपासण्याची यंत्रणा उभारण्यासाठी कार्ड देणाऱ्या बँकांना १ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. यातील मेख अशी, की विचारणा करायची की नाही हे परदेशी दुकानदारावरच अवलंबून राहते. याच निर्देशांनी एसएमएसवरील ओटीपीखेरीज बोटाचे ठसे, ॲपमधील मंजुरी अशा अन्य पर्यायांनाही वाट मोकळी केली. नियम न पाळल्यामुळे नुकसान झाल्यास बँकेने ग्राहकाला भरपाई द्यावी, असेही त्यात म्हटले आहे.

नुकसान सोसायचे कोणी?

सगळ्या उपाययोजनांनंतर कळीचा मुद्दा उरतो तो भरपाईचा. ६ जुलै २०१७ रोजीच्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने याची चौकट आखून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष तिसऱ्याच ठिकाणी आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी जास्तीत जास्त दहा हजार, तर त्यावरील मर्यादेच्या कार्डासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भार ग्राहकावर येतो. त्यानंतर बँकेच्या धोरणावर सारे अवलंबून असते. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातील रक्कम तात्पुरती परत जमा करायची आणि ९० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

हे सारे ग्राहकाच्या बाजूचे दिसते. पण याच परिपत्रकात एक वाक्य असे आहे की ज्यावर बहुतेक तक्रारी अडतात. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे, नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा संपूर्ण तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतर झालेला तोटा मात्र बँकेचा. येथे ओटीपीची भूमिका उलटी होते. ग्राहकाच्या रक्षणासाठी आणलेला हा आकडा वाद निर्माण झाल्यावर त्याच्याच विरुद्ध साक्षीदार म्हणून उभा केला जातो. व्यवहार योग्य ओटीपीने झाला, तो तुमच्याच क्रमांकावर गेला, म्हणजे तुम्हीच तो दिला, असा साचेबद्ध युक्तिवाद तक्रारदाराला ऐकवला जातो.

वस्तुतः परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. ओटीपी वापरला गेला हे सिद्ध होणे आणि तो ग्राहकाने निष्काळजीपणे दिला हे सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बदललेले सिम, एसएमएस वळवणारी फाइल किंवा दुरून पाहिला गेलेला पडदा यांत ओटीपी योग्यच असतो, पण तो देणारा हात ग्राहकाचा नसतो. न्यायालयांनी या फरकाची दखल घेतल्याचे दिसते. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नेट बँकिंगमधील फसवणुकीच्या एका प्रकरणात सार्वजनिक क्षेत्रातील बँकेला ७६ लाख रुपयांहून अधिक रक्कम ग्राहक कंपनीला परत करण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी २०१७ च्या परिपत्रकाचाच आधार घेतला.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अधिक स्पष्ट संकेत दिला. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करू पाहणाऱ्या एका ग्राहकाला भामट्याने ग्राहकसेवा प्रतिनिधी असल्याचे भासवून एक ॲप उतरवायला लावले होते आणि त्याच्या खात्यातून ९४ हजारांहून अधिक रुपये गेले होते. ग्राहकाने २४ तासांच्या आत बँकेला कळवले. त्याचा निष्काळजीपणा भारतीय स्टेट बँकेला सिद्ध करता आला नाही, हा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. असे व्यवहार वेळीच ओळखण्यासाठी बँकेकडे उत्तम तंत्रज्ञान उपलब्ध असल्याची आठवणही करून दिली. ओटीपीबाबत ग्राहकांनीही दक्ष राहावे, असे न्यायालयाने त्याच वेळी बजावले.

अर्थात, प्रत्येक ग्राहकाला उच्च न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. चाळीस-पन्नास हजारांसाठी वकील लावण्यापेक्षा हप्ते बांधून बिल भरून टाकणे अनेकांना सोपे वाटते. बँकेच्या नकाराने प्रकरण तेथेच मिटते आणि तत्त्वाचा निकाल लागतच नाही.

क्रेडिट कार्डाची एक जमेची बाजू

या संपूर्ण चर्चेत क्रेडिट आणि डेबिट कार्डातील एक भेद दुर्लक्षित राहतो. डेबिट कार्डावरून चोरी झाली की ग्राहकाच्या खात्यातील पगार किंवा बचत तत्काळ जाते आणि ती परत मिळवण्यासाठी त्याला भांडावे लागते. क्रेडिट कार्डावर मात्र आधी बँकेचे पैसे जातात, ग्राहकाला बिल नंतर येते. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कोणतेही शुल्क आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत नमूद आहे. शिवाय दुकानदाराने दुहेरी पडताळणी केलेली नसल्यास व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या यंत्रणांच्या नियमांनुसार त्याच्याकडून रक्कम मागे घेण्याची प्रक्रियाही बँकेला करता येते.

याचा लाभ मिळतो तो हरकत लेखी आणि मुदतीत नोंदवणाऱ्यालाच. वादातील रक्कम वगळून उरलेले बिल वेळेवर भरणे आवश्यक असते. रागाच्या भरात संपूर्ण बिल थकवले, तर पत गुणांकन घसरते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागते.

घड्याळ कोणाच्या बाजूने?

फसवणूक लक्षात आल्यानंतरचा पहिला तास सर्वाधिक मोलाचा असतो. कारण चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात फिरत असतो. त्याला वाटेतच गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दिलेली माहिती पोलीस आणि बँका यांच्या सामाईक यंत्रणेत नोंदली जाते, ती याचसाठी. त्याआधी कार्ड बंद करणे हे पहिले काम. बँकेचे ॲप, एसएमएस किंवा दूरध्वनी यांपैकी कोणत्याही मार्गाने ते चोवीस तास करता आले पाहिजे, असे बँकांवर बंधन आहे. व्यवहाराच्या एसएमएसला उत्तर देऊन हरकत घेण्याची सोयही २०१७ च्या परिपत्रकाने अपेक्षिली होती. बँकेचा दूरध्वनी क्रमांक मात्र कार्डाच्या मागे छापलेलाच वापरावा. गोंधळलेल्या अवस्थेत इंटरनेटवर शोधलेला ‘ग्राहकसेवा’ क्रमांक अनेकदा दुसऱ्या भामट्याचा निघतो आणि आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होते.

तक्रार क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्या प्रतिनिधीचे नाव लिहून ठेवल्यास पुढे बँक किंवा लोकपालापुढे तीन दिवसांची मुदत पाळल्याचा तोच पुरावा ठरतो. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. दुसऱ्याची ओळख चोरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयागिरी करून फसवणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड या कलमांत तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण झारखंडच्या जामतारासारख्या ठिकाणांहून चालणाऱ्या या टोळ्या, त्यांची भाड्याने घेतलेली खाती आणि बनावट सिम यांचा माग काढत दुसऱ्या राज्यात जाणे ही पोलिसांची नेहमीचीच अडचण आहे.

ग्राहकाने सावध राहावे, हा उपदेश रास्तच आहे. परंतु दहा कोटींहून अधिक कार्डे वाटणाऱ्या व्यवस्थेला प्रत्येक कार्डधारक कायम सावध राहील असे गृहीत धरून चालत नाही. वर्षानुवर्षे महिन्याला पाच-सात हजारांची खरेदी करणाऱ्या सेवानिवृत्ताच्या कार्डावरून रात्री दोन वाजता सलग चार महागडे मोबाइल घेतले जात असतील, तर ते विसंगत आहे हे ओळखण्याची साधने बँकेकडे आहेत, त्या ग्राहकाकडे नाहीत. पुरावा बँकेच्या संगणकात असतो, नोंदी बँकेच्या ताब्यात असतात आणि निष्काळजीपणा कोणाचा याचा पहिला निवाडाही बँकच देते. हा निवाडा करणाऱ्यांच्या खिशाला जोपर्यंत त्याची झळ बसत नाही, तोपर्यंत संशयास्पद व्यवहार वेळीच अडवण्याची निकडही त्यांना तेवढी भासणार नाही.